सहज म्हणजे किती

पाकीट दातांत धरून मी दुसऱ्यांदा हिसका दिला, तेव्हा माझ्याच हिरडीतून रक्त आलं. पाकिटाला साधी सुरकुतीही पडली नव्हती.

डाव्या कडेवर जुई. तेरा महिन्यांची. कंपनीच्या पाळणाघराच्या उंबऱ्यावर पडून तिची हनुवटी फुटली होती आणि रक्त माझ्या पांढऱ्या कोटावरून ओघळत होतं. खाली ठेवलं की श्वास कोंडून निळी व्हायची, म्हणून एक हात तिच्यात अडकलेला. दुसऱ्या हातात आमच्याच कंपनीची पट्टी. सैनिकांसाठीची. जवानाच्या खिशात एक असते. गोळी नाहीतर तोफगोळ्याचा तुकडा लागला की डॉक्टर येईपर्यंत जखमेवर दाबून बांधायची. लॅबच्या कपाटात समोर दिसलं ते पाकीट मी ओढलं होतं. आत कापसाची जाड गादी होती, निर्जंतुक पट्टी होती, जुईच्या इवल्या हनुवटीला दहा वेळा पुरेल एवढं सगळं होतं. आणि मला ते उघडता येत नव्हतं.

"अगं सरक, दे इकडं." पाळणाघर सांभाळणाऱ्या निकम मावशी मागोमाग धावत आल्या होत्या. तपासणीच्या टेबलाला सुतळीने बांधलेली कात्री त्यांनी ओढली, पाकीट खस्सकन कापलं आणि पट्टी जुईच्या हनुवटीवर दाबून धरली. "एवढी शिकलेली तू. कात्री दिसंना व्हय?"

"दिसली हो मावशी. पण हात कुठे मोकळा होता?"

दवाखान्यात दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, खूणसुद्धा राहायची नाही. मी ऐकलं, मान हलवली, तरी घरी जाईपर्यंत दहा वेळा पट्टी उचलून बघितली.

दुसऱ्या दिवशी जुईला तिच्या आजीकडे ठेवून कामावर आले आणि दार लावून घेतलं. सातारच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत मालाची तपासणी माझ्याकडे होती. बी.एस्सी. केमिस्ट्री, वर लॅबचा सहा वर्षांचा अनुभव. कपाटात जुन्या लॉटची पाकिटं होती. त्यातलं एक घेतलं, डावा हात पाठीमागे नेला आणि दाताने ओढलं. टर्रकन फाटलं. दुसरं घेतलं, फाटलं. मग नव्या लॉटमधली दहा घेतली. दहातलं एकही नाही. हात ओले करून बघितले, तर पाकीट बोटांतून सटकून जमिनीवर.

आई झाल्यापासून मला एक खोड लागली होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठे दगा देईल हे आधी दिसायचं. बाटलीचं बूच, पाळण्याची कडी, खेळण्याचा डोळा. आणि ही पाकिटं तीन आठवडे माझ्या हाताखालून चालली होती.

आलेल्या मालाची वही काढली. पाकिटाच्या प्लास्टिकची नवी फिल्म महिन्यापूर्वी आली होती. शेरा माझ्याच अक्षरात होता: 'ताकद किमान मर्यादेच्या दीडपट. अपेक्षेपेक्षा सरस.' सरस या शब्दाखाली मी रेघ ओढली होती.

मर्यादा किमान होती. पाकीट वाहतुकीत फाटू नये, पावसात भिजू नये, म्हणून फिल्म निदान इतकी मजबूत हवी, असं कागदात होतं. जास्त मजबूत झाली तर काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आणि यायचं तरी कसं? लॅबमध्ये आम्ही प्रत्येक पाकीट त्या सुतळीच्या कात्रीने कापत होतो, कडा सरळ राहून मोजता याव्यात म्हणून. सहा वर्षांत मी एकही पाकीट जवानासारखं उघडलं नव्हतं.

सैन्याने ठरवून दिलेल्या अटींचा चौदा पानी कागद मी पुन्हा वाचला. कापसाचं वजन, विणीतले धागे, पट्टीची लांबी, शिवणीची रुंदी, प्रत्येक ओळीत आकडा. नवव्या पानावर एकच वाक्य आकड्यावाचून होतं. 'पाकीट सहज उघडता येईल असे असावे.'

ती पाकिटं घेऊन मी सुभेदार कणसेंच्या खोलीत गेले.

कणसे सैन्याच्या वैद्यकीय दलात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सैन्याच्या तपासणीवाल्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा म्हणून मालकांनी त्यांना ठेवलं होतं. पैलवानी अंग, पांढरी मिशी, आणि बोलताना समोरच्याला नेहमी चहा.

"सुभेदारसाहेब, हे एका हाताने उघडून दाखवा."

"का, दुसऱ्या हाताला काय झालं?"

"गोळी लागलीय."

ते हसायला लागले होते, ते थांबले. पाकीट उलटंपालटं केलं. टेबलाच्या कडेवर दाबून ओढून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दातानं उघडलं असतं, पण माझी कवळी हाय मॅडम. पाकिटाबरोबर तीच यायची बाहेर."

मी जुनं पाकीट पुढे केलं. ते त्यांनी अंगठ्याखाली दाबलं आणि एका ओढीत फाडलं. मग दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघितली.

"आम्ही दातानंच उघडायचो," ते म्हणाले. "दुसऱ्या हातानं दाबून धरलेलं असायचं."

"काय?"

"जे दाबायचं असतं ते." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "चला साहेबांकडं."

आमचे मालक, मिलिंद दिवेकर, काही सिनेमातले मालक नव्हते. वडिलांच्या कापसाच्या वखारीतून त्यांनी ही कंपनी उभी केली होती. कायद्याने लागतं म्हणून नव्हे, तर आपणहून त्यांनी पाळणाघराला खेळणी आणली होती. मी पाकिटं टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"जुनी फिल्म बनवणारा आता दोन टनांच्या खाली ऑर्डर घेत नाही," ते म्हणाले. "आपल्याला लागते तीनशे किलो. ही नवी आपण आखातात माल पाठवतो त्याची आहे. एकच रोल, एकच मशीन, दोन्ही माल. तुम्हाला वाटत असेल दिवेकरने स्वस्तातलं घुसडलं. उलट महाग आहे ती."

"महाग आहे, सर, पण उघडत नाही."

"आखातात कुणाची तक्रार नाही."

"तिथे नर्स उघडते. कात्रीने."

मग मी माझ्याकडचं तिसरं पाकीट काढलं. नवीच फिल्म, पण शिवणीच्या बाहेरच्या कडेला मी ब्लेडने तीन मिलिमीटरची खाच दिली होती. आतल्या पट्टीपर्यंत हवासुद्धा जाणार नाही, अशा जागी. "आता ओढा."

त्यांनी ओढलं. सरळ रेषेत, शेवटपर्यंत फाटलं. दिवेकरांचा चेहरा उजळला. "अरे वा. एवढंच? मशीनला काय करावं लागेल?"

"पाकिटाची शिवण दाबणाऱ्या जबड्याला एक छोटं पातं. दोन दिवसांचं काम आहे."

"सुटला की मग प्रश्न."

"साहेब," कणसे म्हणाले, "ड्रॉइंगात खाच न्हाई."

मला आधी कळलंच नाही की यात अडचण कसली.

"मंजूर ड्रॉइंगप्रमाणं पाकिटाची कड अखंड पायजे," कणसेंनी मला समजावलं. "बदल करायचा तर अर्ज, नवं सॅम्पल, त्याच्या चाचण्या, मग कागद दिल्लीला. सहा महिने धरा. आणि माल द्यायची तारीख एकतीस मार्च."

त्या दिवशी नऊ मार्च होता.

"तारीख वाढवून मागू," मी म्हटलं.

"का म्हणून?" दिवेकर म्हणाले. "माल तयार आहे, कागदाप्रमाणे आहे, मग कारण काय लिहू? माझा माल जास्त चांगला झालाय, वाट बघा, असं?" ते उठून खिडकीपाशी गेले. खाली पॅकिंगचा हॉल होता, साठ बायका ओळीने बसलेल्या. "मॅडम, सैन्याला हवं ते मिळालं पाहिजे, मला शंभर टक्के मान्य आहे. पण सैन्याला दोन वर्षांतून एकदा हवं असतं. माझं मशीन रोज चालावं लागतं. मधली दोन वर्षं या बायकांना काम कोण देतं? आखात. मग फिल्म आखाताची असणार."

"मग निदान हा लॉट थांबवू."

त्यांनी वही मागवली. पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "सरस. तुमचंच अक्षर ना?"

"माझंच. चुकलं माझं. तेच सांगायला आलेय."

"चुकलेलं नाही. कागदाप्रमाणे बरोबर आहे." ते अगदी शांतपणे म्हणाले. "जे बरोबर आहे ते उगाच चूक करून घेऊ नका. अठराला सैन्यातर्फे चंद्रात्रेसाहेब येतायत तपासणीला. त्यांना सांगा की. मी अडवणार नाही. त्यांनी लॉट नापास केला तर केला."

तेव्हा मला तो मनाचा मोठेपणा वाटला. चंद्रात्रे काय म्हणतील हे दिवेकरांना नऊ तारखेलाच ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं.

त्या नऊ दिवसांत घरी माझं एकच चाललेलं. नवरा कराडच्या कॉलेजात शिकवायचा, शनिवारी यायचा. तो म्हणाला, "तू तपासलंस, सांगितलंस, तुझं काम झालं." मी जुईला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बिस्किटाचा पुडा उघडत होते, औषधाची बाटली उघडत होते, आणि दर वेळी हिशेब करत होते की याला किती सेकंद लागले. मला त्या दिवशी फार तर अर्धं मिनिट लागलं होतं. हनुवटीच्या जखमेला अर्धं मिनिट म्हणजे काहीच नाही. मांडीतली मोठी नस तुटली तर माणसाजवळ किती मिनिटं असतात, हे मी पुस्तकात शोधलं. तीन. मग ते पुस्तक मी पुन्हा उघडलं नाही.

अठराला चंद्रात्रे आले. तपासणी कार्यालयातले नागरी अधिकारी, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट. कंपनीचा चहासुद्धा घेत नसत, स्वतःचा थर्मास आणत. सगळ्या एमआयडीसीत त्यांच्या प्रामाणिकपणाची ख्याती होती आणि ती खरी होती. हॉलमधल्या चाळीस हजार पाकिटांतून त्यांनी आपल्या हाताने ऐंशी निवडली, टेबलावर मांडली आणि उजवा हात न बघता सुतळीकडे नेला.

"कात्री कुठाय?"

"मी काढून ठेवलीय, साहेब. आज हाताने उघडून बघाल का?"

खोलीत आम्ही चौघंच होतो, दिवेकर, कणसे, मी आणि ते.

"का बरं?"

"जवानाकडे कात्री नसते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग एक पाकीट घेतलं. दोन्ही हातांनी, कोपर ताणून, तिसऱ्या खेपेला फाडलं. "उघडलं की."

"एका हाताने, साहेब."

दुसरा कुणी असता तर झिडकारलं असतं. चंद्रात्र्यांनी डावा हात खिशात घातला. दुसरं पाकीट टेबलाला दाबलं, छातीला दाबलं, इकडे तिकडे बघून दातांतही धरलं. मग रुमालाने तोंड पुसलं आणि पाकीट खाली ठेवलं. "अवघड आहे खरं."

मला वाटलं, झालं. प्रामाणिक माणूस, प्रामाणिकपणे हरला, आता प्रामाणिकपणे लिहील.

त्यांनी चौदा पानी कागद काढला, नववं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सहज उघडता येईल असे. सहज म्हणजे किती, मॅडम? किती किलोचा जोर? किती सेकंद? आकडा द्या, मी आत्ता मोजतो. माझं काम मोजायचं."

"तुम्हाला आत्ता उघडलं नाही. हे मोजमाप नाही?"

"ते माझं मत झालं. मत लिहिलं की कंपनी अपिलात जाते आणि विचारते, कुठल्या कलमाखाली? मी दोनदा असा हरलोय. एकदा बुटांच्या तळव्यावरून, एकदा तंबूच्या चेनवरून. दोन्ही वेळा माल गेलाच, वर मला ताशेरे." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाढा म्हणावा तसं म्हणत होते.

मी खाच दिलेलं पाकीट पुढे केलं. "हे बघा. फक्त एवढं केलं तर."

त्यांनी ते एका हाताने ओढलं. फाटलं. खरं सांगते, तो माणूस हसला. "सुंदर," म्हणाला. मग फाटलेली कड डोळ्यांजवळ नेली. "हे काय? कापलेलं आहे." आणि पेन काढून दोषांच्या रकान्यात लिहायला लागले. मी वाकून वाचलं. 'कडेला चिरलेले पाकीट, नग एक. गंभीर दोष.'

"साहेब, ते मी दाखवायला..."

"टेबलावर आलं ते नोंदवावं लागतं."

"ते लॉटमधलं नाही," दिवेकर चटकन म्हणाले. "मॅडमचं वैयक्तिक आहे."

"मग ठीक." चंद्रात्र्यांनी ओळ खोडली, शेजारी सही केली. उरलेली अठ्ठ्याहत्तर पाकिटं त्यांनी मोजली, तोलली, ताणली, भिजवली. त्यासाठी कात्री लागली. दिवेकरांनी स्वतःच्या केबिनमधून आणून दिली. एकूण एक पाकीट पास झालं.

शेवटी प्रमाणपत्र. तपासणीसाहेबांच्या सहीआधी त्यावर कंपनीतर्फे सही लागते: 'माल वापरास सर्व दृष्टींनी योग्य आहे.' दिवेकरांनी तो कागद माझ्यासमोर सरकवला.

"मी नाही करणार."

"मॅडम."

"वापरास योग्य असं लिहिलंय, सर. वापरता येत नाही हे या खोलीतल्या चौघांनाही माहितेय."

दिवेकर माझ्यावर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद उचलला आणि म्हणाले, "कणसेसाहेब, अधिकृत प्रतिनिधी म्हणून तुमची सही चालते ना?"

कणसे म्हणाले, "दोन मिनिटं," आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"तुम्ही तरी करू नका," मी म्हटलं. "तुम्ही दाताने उघडलीयत."

"ऐका मॅडम. हा लॉट पडला तर ऑर्डर रद्द. पुढच्या वर्षी टेंडर निघंल, सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला जाईल. मागं गेलं होतं तसं एकदा. त्यांची पट्टी मी बगितलीय. पाण्यात टाकली तरी भिजत न्हवती, कापूस असा तरंगायचा. आपली निदान रक्त धरती."

"उघडली तर."

ते मिशीवरून हात फिरवत राहिले. "पोरं हुशार असतात ओ. काढतील मार्ग."

आयुष्यात मी एवढी संतापले नसेन. काढतील मार्ग. चौदा पानं अटी, ऐंशी पाकिटं, तीन शिक्के, आणि सगळ्याच्या शेवटी भरवसा कुणावर, तर पडलेल्या पोरावर. त्यानं मार्ग काढायचा. आमच्यातल्या कुणीच काढला नाही तो, एका हाताने, तीन मिनिटांत.

"हे तुम्ही मालकांचे म्हणून बोलताय की सैन्यातले म्हणून?" मी विचारलं.

"दोन्हीकडचं मीठ खाल्लंय मॅडम," ते म्हणाले, आणि आत गेले. दाराच्या काचेतून मला त्यांचं पेन दिसलं. सही करताना त्यांनी कागद दोनदा सरळ केला.

खोक्यांवर मारायच्या शिक्क्यांच्या लाखेचा वास व्हरांड्यात आला तशी मी पाळणाघराकडे गेले. जुई झोपली होती. मी सवयीने तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला. निकम मावशी दुपटी घड्या करत होत्या.

"झालं का पास?"

"झालं."

"बरं झालं बाई. सुटली ऑर्डर. संजू राजौरीला हाय माझा. त्याला सांगती आज फोन आला की, तुज्या आईच्या कंपनीची पट्टी येतीय म्हणून."

मी खाली बसले. खिशातून एक पाकीट आणि ब्लेड काढलं. "मावशी, संजूला नीट सांगा. पट्टी हातात आली की इथे, ही जाड शिवण आहे ना, तिच्या बाहेरच्या कडेला, एवढीशी चीर द्यायची. शिवणीच्या आत अजिबात नाही. बाहेर."

त्यांनी जागा बोटाने चाचपली. "का?"

"नाहीतर एका हाताने उघडत नाही. त्या दिवशी बघितलंत ना?"

मावशींनी पाकीट हातात घेतलं, खेचून बघितलं, परत खेचलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि संजूच्या बाजूला असतो त्याला कोण सांगणार?"

मी जुईला उचललं.

महिन्याभरात मी नोकरी सोडली. सोडली म्हणते, मला लॅबमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. जाण्याआधी मी तपासणी कार्यालयाला रजिस्टर पत्र पाठवलं, सोबत दोन्ही प्रकारची पाच-पाच पाकिटं आणि एक तक्ता. शंभर पाकिटं मी ओल्या हाताने, एका हाताने उघडून बघितली होती; किती उघडली, किती सेकंदांत, सगळं लिहिलं. त्यांना आकडा हवा होता, मी आकडा दिला. उत्तर दोन ओळींचं आलं. आपली सूचना योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येत आहे.

आम्ही कराडला राहायला गेलो. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तीन वर्षं झाली, जुई शाळेत जाते.

मागच्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या पुरवणीत दिवेकरांचा फोटो आला. उद्योजकांच्या कुठल्याशा संघटनेचं मानचिन्ह घेताना. खाली लिहिलं होतं: सैनिकांच्या प्रत्यक्ष गरजा ओळखून प्रथमोपचार पट्टीच्या पाकिटात कल्पक सुधारणा. एका हाताने उघडणारं पाकीट. फोटोत ते पाकीट त्यांच्या हातात होतं. मी जुईचं भिंग घेऊन बघितलं. कडेला खाच होती. तीन मिलिमीटर.

कणसेंचा नंबर अजून होता, लावला. त्यांनीच आधी सुरुवात केली.

"बगितला व्हय फोटो? तुमचीच खाच ती. सहा महिन्यांमागं नवं ड्रॉइंग मंजूर झालं. तुमच्या त्या तक्त्यावरनंच, मी कागद बगितलाय. साहेबांना म्हणलं होतं, मॅडमचं नाव घाला."

"नाव राहू दे. तो लॉट कुठे आहे?"

"कुठला?"

"तुम्ही सही केलेला."

"त्याचं वाटप झालं. त्याच साली."

"परत मागवला?"

"कशाला मागवतील? पास झालेला माल हाय."

"पास झालेला होता, तर नव्या ड्रॉइंगमध्ये खाच कशाला घातली?"

"सुधारणा म्हणून. दोष म्हणून न्हाई, मॅडम." ते हळू बोलायला लागले होते. "दोष म्हणून लिहिलं, की जुना माल परत बोलवायला लागतो. सुधारणा म्हणलं की लागत न्हाई. म्हणून तशी लिहिली."

"कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पट्टीची मुदत किती असते, सुभेदारसाहेब?" मला माहीत होतं. छापण्याआधी प्रत्येक लॉटची तारीख मीच तर तपासायची. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पाच वर्षं."

"म्हणजे?"

ते मनातल्या मनात मोजत असावेत.

"अजून दोन वर्षं हायती," कणसे म्हणाले. "पोरांच्या खिशात."